तलफेची मोजदाद

महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील लोकांपैकी विडी-सिगारेट ओढणारे शेकडा ३.८ आणि तंबाखू तोंडात धरणारे, चघळणारे अथवा दातांना घासणारे शेकडा २४.४, असा २०१६-१७ सालच्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाचा हिशेब आहे; आणि निकोटीनची ओढ मोजण्याच्या ज्या पद्धती गेल्या साठ-सत्तर वर्षांत पाश्चात्त्य प्रयोगशाळांनी मोठ्या कल्पकतेने रचल्या, त्या जवळजवळ सर्वच या दोन आकड्यांपैकी धाकट्या आकड्यातील माणसांसाठी रचलेल्या आहेत. कळंबच्या आठवडी बाजारात किंवा तुळजापूरच्या बसस्थानकाबाहेर घटकाभर उभे राहणाऱ्यास ही विसंगती सर्वेक्षणावाचूनही दिसते. घोळक्यातला एखादाच इसम विडी पेटवतो. बाकीच्यांचे अंगठे आपापल्या तळहातावर फिरत असतात. त्या पद्धती कोणत्या, त्यांनी नेमके काय सिद्ध केले, आणि हा फिरता अंगठा त्यांच्या अंमलाखाली कसा आणावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा मजकूर आहे.

धाराशिव जिल्ह्यास शास्त्रीय पाहणीचे वावडे आहे असे मात्र कोणी म्हणू नये. शेजारच्या बार्शीस १९८७ साली ग्रामीण भागासाठीची देशातील पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली, तेव्हा बार्शी तालुक्याच्या जोडीला या जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे दोन तालुके तिच्या हद्दीत घेण्यात आले. खेड्यात आजार दवाखान्यापर्यंत पोचत नाही, सबब दवाखान्यानेच खेड्यात गेले पाहिजे, हे ओळखून तिचे कर्मचारी गावोगाव हिंडत, पाटील-सरपंच-शिक्षकांशी बोलत, सभा घेत आणि संशयित रुग्णाची समजूत घालून त्याला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात आणीत. पुढे १९९९ पासून याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, बावन्न गाव-समूह पाडून तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना सामावणारी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पाहणी झाली. विषाणूच्या एकाच चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा तिचा निष्कर्ष २००९ साली अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध होताच जगभरच्या आरोग्यखात्यांनी उस्मानाबादेचे नाव पाठ केले. तुलनेसाठी ठेवलेल्या स्त्रियांना तपासणी दिली नव्हती, यावरून नीतिशास्त्राच्या अभ्यासकांत नंतर जो वाद माजला, तोही या जिल्ह्याच्या शास्त्रीय इतिहासाचाच भाग होय. आणि माणसावर प्रयोग करू इच्छिणाऱ्याने तो आधी वाचावा असे माझे मत आहे.

परंतु कर्करोगाची पेशी काचपट्टीवर निमूट पडून राहते, तशी तलफ पडून राहत नाही. ती माणसास विचारावी तर तो लाजेने कमी सांगतो किंवा फुशारकीने जास्त. न विचारता पाहावी तर ती धूर, सवय, सोबत, चहा आणि रिकामा वेळ यांत इतकी मिसळलेली असते, की त्यातील निकोटीनचा वाटा किती आणि बाकीच्यांचा किती हे डोळ्यांना कळत नाही. हा वाटा वेगळा काढणे हेच या प्रयोगांचे खरे कौशल्य.

निकोटीन हे द्रव्य पोसेल्ट आणि रायमान या दोघांनी हायडेलबर्ग येथे १८२८ सालीच तंबाखूतून वेगळे काढले होते. केंब्रिजच्या लँगली यांनी १८८९ मध्ये ते मज्जागंडांना लावून मज्जातंतूंचे मार्ग हुडकले, आणि १९०५ साली स्नायूंवरील त्याच्या परिणामावरून पेशीत काही ‘ग्राहक द्रव्य’ असले पाहिजे हा सिद्धांत मांडला. आजचे सारे औषधशास्त्र ज्या कल्पनेवर उभे आहे ती कल्पना अशी तंबाखूच्या कृपेने जन्मास आली. तथापि माणूस विडी ओढतो तो याच द्रव्यासाठी काय, हा साधा प्रश्न प्रयोगाने विचारण्यास १९४२ साल उजाडावे लागले. लेनॉक्स जॉन्स्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःस आणि पस्तीस स्वेच्छेने आलेल्या इसमांस निकोटीनची सुई टोचली आणि निष्पत्ती ‘लॅन्सेट’मध्ये छापली: ओढणाऱ्यांस ती टोचणी सुखाची वाटली, न ओढणाऱ्यांस विचित्र वाटली, आणि पुष्कळ टोचण्या झाल्यावर सिगारेटीपेक्षा सुईच बरी वाटू लागली. स्वतःच वैद्य आणि स्वतःच रोगी, अशा या प्रयोगात हल्लीची कोणतीही नीती-समिती दहा दोष काढील; पण प्रश्न अचूक होता.

त्याच प्रश्नास शिस्त आणली ती १९६७ साली अमेरिकेतील मिशिगन येथील लुकेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ओढणाऱ्यास शिरेतून थेंब-थेंब द्रव चढवायचा, तो कधी साध्या क्षाराचा तर कधी निकोटीनयुक्त ठेवायचा, कोणत्या वेळी काय चढते आहे याचा पत्ता त्याला लागू द्यायचा नाही, आणि शेजारी सिगारेटी ठेवून त्याने किती ओढल्या ते मोजायचे, अशी ही तजवीज होती. निकोटीन चढत असता सिगारेटी कमी झाल्या. परंतु थांबल्या नाहीत. हा ‘परंतु’ फार महत्त्वाचा ठरला. जर केवळ निकोटीनच हवे असते तर शिरेतून मुबलक मिळत असताना माणसाने हात का पुढे करावा?

या शंकेचा पाठपुरावा ड्यूक विद्यापीठाच्या जेड रोझ यांनी ज्या चिकाटीने केला, तिचे मला विशेष कौतुक वाटते. त्यांनी ओढणाऱ्याच्या घशास बधिर करणारे औषध देऊन धुराचा ठसका नाहीसा केला, तेव्हा तोच धूर बेचव वाटू लागला. आणि १९९४ मध्ये काळ्या मिऱ्यांच्या अर्काची वाफ ओढावयास दिली, तेव्हा निकोटीनचा अंशही नसताना नुसत्या छातीतल्या चरचरण्याने तलफ काही काळ शमली. आपल्याकडे चिलीम ओढणाऱ्या वृद्धांस ‘घशाला लागली पाहिजे’ असे म्हणताना ज्यांनी ऐकले आहे त्यांस यात नवल वाटणार नाही.

यानंतर निकोटीन काढून टाकलेल्या सिगारेटी प्रयोगशाळांच्या हाती आल्या आणि आवडीची परीक्षा खऱ्या अर्थाने सुरू झाली. त्यातली व्हरमाँट विद्यापीठातील एक पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. ओढणारा काही तास न ओढता येतो, आणि तो खरे बोलतो आहे की नाही हे त्याच्या उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइडवरून पडताळतात. मग त्याला एका लहानशा खोलीत बसवतात. समोरच्या फळीवर एक दांडा असतो. तो ठरलेल्या वेळा ओढला की मोजके झुरके मिळतात, आणि हळूहळू त्या झुरक्यांची ‘किंमत’ म्हणजे ओढण्यांची संख्या वाढवीत नेतात. पैसा नाही, उधारी नाही, दुकानदाराची मुरवत नाही. फक्त हाताचे श्रम आणि धूर यांचा सौदा. १९९९ साली शाहान, बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोलीत आधी निकोटीनयुक्त आणि मग निकोटीनविरहित सिगारेट अशी एकेकटी ठेवून पाहिली, तेव्हा दोन्हींसाठी माणसांनी जवळपास सारखेच श्रम केले. कोणी म्हणेल, झाले, निकोटीनचे महत्त्व संपले. पण दोन दांडे शेजारी-शेजारी लावून दोन्ही सिगारेटी एकाच वेळी, एकाच भावाने उपलब्ध केल्या, तेव्हा त्याच माणसांचा हात निकोटीनच्या दांड्याकडे वळला.

या निष्पत्तीवर मी पुष्कळ विचार केला आहे. एकट्या वस्तूबद्दल विचारलेला प्रश्न माणसाची भूक सांगतो, आवड सांगत नाही. आवड कळण्यास दुसरी वस्तू समोर असावी लागते. उपवर मुलीस एकच स्थळ दाखवून पसंती विचारण्याचा जो शिरस्ता आपल्याकडे होता, त्याने काय सिद्ध होत असे हे ज्याचे त्याने ठरवावे. पिट्सबर्गच्या केनेथ पर्किन्स यांनी नाकात फवारायच्या निकोटीनवर याच धर्तीच्या निवडीच्या परीक्षा घेतल्या, आणि पुढे २०१५ साली डॉनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८४० ओढणाऱ्यांस सहा आठवडे निरनिराळ्या प्रमाणात निकोटीन असलेल्या सिगारेटी दिल्या, तेव्हा अत्यल्प निकोटीनच्या गटात रोजच्या सिगारेटी नेहमीच्या प्रमाणाच्या गटाहून स्पष्ट कमी भरल्या. खोलीतली गोष्ट घराच्या ओट्यावरही टिकली, एवढा याचा अर्थ.

सर्वच पद्धती इतक्या सरळ निघाल्या नाहीत. सिगारेटीतील निकोटीन मोजण्यासाठी जे धूम्रयंत्र चालवतात, त्याचा कायदा असा की दर मिनिटास एक झुरका, तो दोन सेकंदांचा, पस्तीस मिलिलिटरचा. या सरकारी शिस्तीने ओढणारा माणूस मी तरी पाहिला नाही. ‘हलक्या’ म्हणून विकलेल्या सिगारेटींच्या गाळणीभोवती बारीक छिद्रे असत. यंत्र ती उघडी ठेवी आणि माणसाचे ओठ व बोटे ती झाकीत, म्हणून यंत्राच्या कागदावर जे हलके, ते छातीत जड. आपल्या विडीपुढे तर हे यंत्र अगदीच हतबल होते. तेंदूचे पान स्वतः जळत राहण्यास नाखूष असते. मिनिटभर थांबले की विडी विझते, म्हणून ती जिवंत ठेवण्यासाठी माणूस भराभर आणि खोल ओढतो. निजामी अंमलात वाढलेल्या या मुलखात एका पिढीला सिगारेट म्हणजे हैदराबादच्या वजीर सुलतान कंपनीची, बिनगाळणीची, उग्र चारमिनार, असेच समीकरण होते. तिच्या ओढणाऱ्यांना छिद्रांचा प्रश्न कधी पडला नाही.

रक्ताची साक्ष अधिक भरवशाची. धुरातील निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचते, सुमारे दोन तासांत रक्तातले निम्मे उतरते, आणि यकृत त्याचे कोटिनीन बनवते, ते मात्र दिवसभर रेंगाळते. म्हणून लाळेतील किंवा लघवीतील कोटिनीन हा या शास्त्राचा अव्वल कारकून समजावा, मालक काय खातो ते तो लिहून ठेवतो. २००६ साली मेंदूच्या प्रतिमांवरून असे दिसले की एक-दोन झुरक्यांतच निकोटीनचे निम्मे ग्राहक व्यापले जातात आणि पुरी सिगारेट झाली की अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर. मग उरलेले झुरके कशासाठी, हा प्रश्न ओढणाऱ्यांस विचारून पाहावा; उत्तर हसण्यात मिळते.

आता तळहाताकडे येतो. कळंबच्या बाजारात शेळ्यांच्या ओळीशेजारी बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने माझ्या विनंतीवरून सारा विधी सावकाश करून दाखवला. दुतोंडी डबीच्या एका अंगाने तंबाखूची चिमूट डाव्या तळहातावर पडली. दुसऱ्या अंगातून अंगठ्याच्या नखावर हरभऱ्याच्या डाळीएवढा चुना आला. मग अंगठा गोल फिरू लागला, आणि पिवळट पानाचा रंग गडद होत चालला. मधूनच त्याने तळहात नाकाशी नेला, वास घेतला, चुन्याचा आणखी एक कण घेतला आणि पुन्हा मळू लागला. उजव्या हाताने दोन टाळ्या दिल्या, भुकटी उडाली, शेजारी बसलेल्या मला ठसका लागला. आणि बार खालच्या ओठामागे गेला. ‘मामा, एवढाच चुना का?’ असे विचारता तो म्हणाला, ‘कमी पडला तर लागत न्हाई, जास्ती झाला तर तोंड सोलतंय. हाताला कळतंय की.’

हाताला जे कळते ते रसायनशास्त्राच्या भाषेत असे आहे. निकोटीन हा अल्कली जातीचा पदार्थ आहे. आम्लात तो विद्युत्भारित होऊन अडकतो आणि गालाच्या आतल्या पडद्यातून आत शिरत नाही, अल्कलीत तो मोकळा होतो आणि शिरतो. सामू आठ असताना निम्मे निकोटीन मोकळे असते, सहा असताना शंभरात एक भाग, आणि नऊ झाला की शंभरात नव्वदाहून अधिक. चुना हा सामू वर नेतो. म्हणजे तळहातावर जे मळणे चालते ते निकोटीनची मात्रा ठरवणेच होय, आणि तंबाखू तीच ठेवून केवळ चुन्याच्या कणाने माणूस स्वतःपुरते औषध कमी-जास्त उग्र करीत असतो. सिगारेट ओढणारा झुरक्याची खोली बदलतो. हा माणूस तोंडात घालण्यापूर्वीच हिशेब पुरा करतो.

या दोन रीतींत काळाचाही फरक आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे नील बेनोविट्झ यांनी १९८८ मध्ये सिगारेट, तपकिरीसारखी तोंडी तंबाखू, चघळायची तंबाखू आणि निकोटीनचा च्युइंगगम यांची तुलना करून दाखवले, की धुराने रक्तातले निकोटीन झटक्यात चढते आणि उतरते, तोंडातल्या तंबाखूने ते सावकाश चढते आणि बराच वेळ पठारासारखे टिकून राहते. तंबाखू थुंकून टाकल्यावरही आत शिरणे काही काळ चालूच असते. दांडा ओढून दोन झुरके मिळवण्याची खोली अशा मंदगती द्रव्यास कशी लावणार? ज्याचा परिणाम अर्धा तास चालतो त्याची ‘आणखी हवे का’ ही परीक्षा तीन तासांच्या बैठकीत फार तर चार-पाच वेळा घेता येईल.

प्रश्नावल्यांची गोष्ट आणखी अवघड. फागरस्ट्रॉम यांच्या सुप्रसिद्ध सहा प्रश्नांतील पहिला असा, की उठल्यानंतर किती मिनिटांनी पहिली सिगारेट ओढता. ऊसतोडीच्या टोळीत पहाटे तीनला कोयता हाती घेणारा, किंवा रात्रपाळीच्या विजेवर ज्वारीस पाणी देऊन उजाडताना आडवा होणारा माणूस ‘उठलो’ केव्हा म्हणेल? शिवाय पुष्कळांचा बार झोपेतही गालातच असतो. तोंडी तंबाखूसाठी या प्रश्नांचे जे रूपांतर परदेशात झाले, त्यात तंबाखूचा रस जाणूनबुजून गिळता का, असाही एक प्रश्न आला. पिचकारीच्या देशात त्याला मिळणारे उत्तर ठरलेले आहे.

आणि ज्या परीक्षेत स्त्रियाच नाहीत ती परीक्षा या जिल्ह्यात अर्धीच म्हटली पाहिजे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली मशेरी सकाळी दातांना घासणाऱ्या बायका ‘मी तंबाखू खाते’ असे म्हणत नाहीत. त्या दात घासतात. पहिली मशेरी बहुधा दाढदुखीवर सासू किंवा जाऊ देते, आणि दाढ पडून गेली तरी मशेरी राहते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सुमती भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मशेरीचे रासायनिक आणि प्राण्यांवरील परीक्षण केले. पुढे २००४ साली प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या पाहणीत दाखवले, की तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची, आणि त्यांत मशेरीवाल्याच अधिक होत्या, बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची जन्मली. हे हानीचे मोजमाप झाले. या बायकांपुढे निकोटीनयुक्त आणि निकोटीनविरहित अशा दोन मशेऱ्या शेजारी-शेजारी ठेवून त्यांचे बोट कोणत्या डबीत जाते हे पाहणारी परीक्षा याहून अगदी निराळी, आणि भाजल्याचा वास, काळा रंग व चरचर दोन्हींत सारखी राखल्याशिवाय ती करण्यात अर्थ नाही.

धाराशिवास २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा १९८६ पासूनचा परिसर आहे, आणि बार्शीची नोंदवही हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा स्थानिक पद्धत रचण्यास माणसांचा तोटा नाही. माझ्या मते तिचा पाया प्रश्नावली नसून निवड असावा. तंबाखू एकाच प्रतीची ठेवावी, चुन्याचे दोन-तीन प्रकार सामूने भिन्न पण चवीने शक्य तितके सारखे असे करावेत, कोणत्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांसही माहीत नसावे, आणि कोणती पुडी किती वेळा उचलली जाते व दुसऱ्या दिवशी लाळेत कोटिनीन किती निघते हे पाहावे. नव्याने कोणास तंबाखूची ओळख करून द्यायची नाही, सोडू इच्छिणाऱ्यास घ्यायचे नाही, आणि बैठक संपल्यावर प्रत्येकास सोडण्याची मदत देऊ करायची, हे बंदोबस्त उस्मानाबादेच्या जुन्या वादानंतर तरी कोणी विसरू नयेत.

ही सारी योजना मी त्या कळंबच्या शेतकऱ्यास सांगितली. त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारले, ‘पुडी तुमची, तंबाखू तुमची, चुना बी तुमचाच. मग मळणार कोण?’ हा आक्षेप मी तेव्हापासून दोघा औषधशास्त्रज्ञांपुढे ठेवला आहे. एकाचे म्हणणे असे की मळलेलीच पुडी द्यावी, म्हणजे मात्रा काटेकोर राहील. दुसऱ्याचे असे की मळणे काढून घेतले तर आपण ज्या गोष्टीचा अभ्यास करू पाहतो तीच दाराबाहेर राहील, म्हणून चुन्याची डबी वजन करून त्याच्या हाती द्यावी आणि संध्याकाळी पुन्हा वजन करावी. मला दुसरी तजवीज पसंत आहे. ती स्वस्तही आहे: दशांश मिलिग्रॅमपर्यंत वजन करणारा तराजू बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत असतोच.